टपावर राहिलं! नागपूरच्या स्पोर्ट्स कारवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा रोडकडे आमचं गाड्यांच्या पेंटचं काम आहे, पॉलिश, कोटिंग, पीपीएफ (पेंटवर लावायची पारदर्शक फिल्म) वगैरे. त्यामुळे नागपुरातल्या बऱ्याच लो, म्हणजे कमी उंचीच्या गाड्या आमच्याकडे येतात आणि गाडीसोबत किस्सेही येतात. टपावर मोबाईल राहिला, बोनेटवर चष्मा राहिला, डिक्कीवर टिफिन राहिला. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळं एका जागी लिहून टाकतो. किस्से खरे आहेत, नावं कोणाचीच देत नाही.

हे स्पोर्ट्स कारवाल्यांसोबतच इतकं काहून होते?

कारण गाडीच तशी आहे. वॅगनआरची उंची १,६७५ मिलिमीटर आहे, तिच्या टपावर काही ठेवायचं तर हात वर करावा लागतो, म्हणून कोणी सहसा ठेवत नाही. पोर्शे ९११ जेमतेम १.३ मीटर, लॅम्बोर्गिनी हुराकान तर १,१६५ मिलिमीटर, म्हणजे टप बरोबर आपल्या छातीच्या खाली येतो, सपाट, गुळगुळीत, हात आपोआप तिकडे जातो. त्यात दोन दरवाज्यांच्या गाडीचे दरवाजे लांब असतात. धरमपेठेतल्या गल्लीत बाजूला दुसरी गाडी खेटून उभी असली की एका हाताने दरवाजा धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो जाऊन आदळते, आणि सीट इतकी खाली की बसताना दुसरा हात पण टेकायला लागतो. मग हातातलं सामान जाणार कुठे? टपावर. आणि एकदा आत बसलं की टप दिसतच नाही.

लोकं म्हणतात पैसेवाल्यांचं लक्ष नसते, माज असते. मला हे अजिबात पटत नाही. ज्याने दहा-बारा वर्षं पैसे जमवून सेकंडहँड घेतलेली गाडी आहे, जो दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसतो, त्याचंही राहते. गाडीच्या आकाराने लावलेली सवय आहे ती.

सगळ्यात जास्त काय विसरलं जातं?

मोबाईल, त्यानंतर चावी, मग गॉगल, पाकीट, पाण्याची बाटली. हे झालं नेहमीचं. पण मला आवडतात ती वेगळी. एका डॉक्टरसाहेबांचा पूर्ण टिफिन, तीन पुड्यांचा, रामदासपेठेतून लॉ कॉलेज चौकापर्यंत डिक्कीवर बसून गेला आणि सिग्नलला बाजूच्या ऑटोवाल्याने काच ठोकून सांगितलं की साहेब तुमचं जेवण मागे बसून आहे. एका ताईंची एक चप्पल. हो, एकच! गाडी चालवायला बूट घालायचे म्हणून चपला काढून टपावर ठेवल्या, एक पडली आणि दुसरी घरापर्यंत आली. आणि एका काकांचा दातांचा सेट, रुमालात गुंडाळलेला. तो मिळाला, चांगल्या अवस्थेत मिळाला, एवढंच सांगतो.

वस्तू लगेच का पडत नाही? माझा फोन चार किलोमीटर टिकला!

टिकू शकतो. गाडी पुढे सरकते तेव्हा टपावरची वस्तू जागीच राहायला बघते आणि घर्षण तिला धरून ठेवते. सिग्नलवरून आरामात निघालात, समजा सहा सेकंदात ४०, तर जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो. एवढ्यात सिलिकॉनचं कव्हर असलेला फोन हलतही नाही. तीच गाडी चार सेकंदात शंभरवर नेली तर जोर ०.७ पट होतो आणि फोन गेलाच समजा. पण शहरात कोण चार सेकंदात शंभर करते, त्यामुळे बहुतेक वस्तू सरळ रस्त्यावर पडतच नाहीत, त्या वळणावर पडतात. चौकात २५ च्या स्पीडने १५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बाजूला ढकलणारा जोर ०.३ च्या वर जातो, म्हणजे सिग्नलवरून निघताना होता त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त.

हवेचं गणित वेगळं आहे. स्पीड दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो, ४० वरून १२० वर गेलात तर नऊपट. म्हणून गल्लीत आणि कॉलनीत जे टिकलं ते समृद्धीवर टिकत नाही. कपड्याचा सॉफ्ट टॉप असला तर घर्षण जास्त, तिथे वस्तू आणखी दूर जातात. काचेची पाठ असलेला उघडा फोन पॉलिश केलेल्या टपावर सगळ्यात लवकर घसरतो, आणि सिरॅमिक कोटिंगवर तर विचारूच नका.

पडलेली वस्तू नेमकी शोधायची कुठे?

घराजवळ! लोकं डायरेक्ट दहा किलोमीटर मागे हायवेवर जाऊन शोधत बसतात आणि फोन कॉलनीच्या पहिल्या वळणावर नालीच्या कडेला पडून असतो. निघालात तिथून सुरू करा, पहिला स्पीड ब्रेकर, पहिलं वळण, पहिला चौक, या क्रमाने. डावीकडे वळला असाल तर वस्तू उजवीकडे घसरलेली असेल, म्हणजे डिव्हायडरकडे बघा, उजवीकडे वळला असाल तर फुटपाथकडे.

आणि त्याआधी गाडी नीट बघा. ब्रेक मारला की टपावरची वस्तू पुढे येते आणि समोरच्या काचेवरून घसरून वायपरच्या खाचेत अडकते. तिथे आम्हाला गॉगल, पेन, एकदा तर सोन्याचं कानातलं मिळालं आहे. मागे स्पॉयलर असला तर त्याच्या कडेलाही वस्तू अडकून राहते.

वर्धा रोडच्या डबलडेकर फ्लायओव्हरवर पडली असेल तर कृपा करून तिथे गाडी थांबवून पायी शोधायला जाऊ नका. तीन किलोमीटरच्या वर लांबी आहे, खाली रस्ता, वर मेट्रो, आणि मधल्या मजल्यावर बाजूला सरकायला जागा नाही. समृद्धीवर पण तेच, १२० ची लिमिट आहे, त्या स्पीडला गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, मागच्याला तुम्ही दिसेपर्यंत फार उशीर होतो. फोन गेला तर गेला. रस्त्यात धोकादायक काही पडलं असेल, बॅग, सायकलचं कॅरियर, तर सुरक्षित जागी थांबून ११२ ला कळवा.

चावी टपावर होती तरी गाडी सुरू कशी झाली? आणि मग मधेच "की नॉट डिटेक्टेड" का आलं?

बटन स्टार्टच्या गाडीत चावी रेडिओने ओळखली जाते. गाडीतले अँटेना चावी जवळ आहे का बघतात, आणि टपावर ठेवलेली चावी बऱ्याच गाड्यांना आत असल्यासारखीच वाटते. इंजिन एकदा सुरू झालं की चावी दूर गेली म्हणून ते बंद पडत नाही. तसं मुद्दामच ठेवलंय, चालत्या गाडीचं इंजिन अचानक बंद होणं कितीतरी जास्त धोक्याचं. म्हणून फक्त बीप वाजतो आणि स्क्रीनवर मेसेज येतो.

आता महत्त्वाचं. मेसेज आला की इंजिन बंद करू नका. बंद केलं की परत सुरू होणार नाही आणि तुम्ही भर उन्हात छत्रपती चौकात टो व्हॅनची वाट बघत बसाल. पहिले बाजूला घ्या, इंजिन सुरूच ठेवून टप बघा, नसेल तर सरळ घरी जा, दुसरी चावी हातात घ्या, आणि मगच बंद करा. सुरू गाडी रस्त्यात एकटी सोडू नका, सोबत कोणी असेल तर त्याला शोधायला पाठवा. म्हणूनच दुसरी चावी घरीच ठेवा, कित्येक जण दोन्ही चाव्या एकाच रिंगला लावून फिरतात, असं करू नका.

नवीन गाडीची पूजा केली, पेढ्यांचा डबा टपावर राहिला. टपावर चौकोनी डाग आहे, जाईल का?

जाईल. हा प्रश्न दसरा, पाडवा, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी हमखास येतो.

यातला एक किस्सा सांगायलाच पाहिजे. लाल मस्टँग, टेकडी गणपतीला पूजा करायला आणलेली, सगळं कुटुंब मागे अर्टिगात. हार घातला, स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि त्या गडबडीत अर्धा किलो पेढ्यांचा डबा टपावर राहिला. नारळाचं पाणी टपावर सांडलेलं होतं, त्यावर डबा बसला आणि ऊन कडक असल्याने तिथेच चिकटला. गाडी निघाली. मागून अर्टिगातले लोकं फोन करून राहिले, पण फोन पूजेच्या पिशवीत, पिशवी डिक्कीत. झाशी राणी चौक गेला, रहाटे कॉलनी गेली, डबा हलला नाही. बाजूने अ‍ॅक्टिव्हावरचे दोन पोट्टे ओरडले, "भाऊ, प्रसाद वर बसून आहे न!" भाऊंना वाटलं गाडीचं कौतुक करून राहिले, त्यांनी हात हलवला. अजनीला एकदाचा ब्रेक लागला तेव्हा डबा सुटला, परत गाडी निघाली तसा मागच्या तिरप्या काचेवरून सावकाश घसरला आणि डिक्कीच्या कडेला जाऊन थांबला. एकही पेढा पडला नाही. तोच प्रसाद मग त्या दोन पोट्ट्यांना पण मिळाला.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्याकडे आली तेव्हा टपावर डब्याचा पूर्ण ठसा होता, चारही कोपरे, मधे पुठ्ठ्याचे बारीक तंतू आणि डब्यावरची लाल अक्षरं उलटी उमटलेली. मालक म्हणाले राहू द्या, आठवण आहे. पण नारळाच्या पाण्यातली साखर आणि कुंकवाचा रंग उन्हात पेंटवर बसून राहणं बरं नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर पाच-सात मिनिटं नुसतं ठेवलं, डाग सुटला. नखाने किंवा स्क्रॅपरने खरवडू नका, पेंटवरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा पातळ.

पूजेच्या वेळचं आणखी एक, पेटलेलं निरांजनाचं ताट बोनेटवर ठेवू नका, कोणालातरी हातात धरायला सांगा. घरातल्या लहान मुलांना हे काम फार आवडते.

रविवारी सकाळी तर्री पोह्याची प्लेट टपावर ठेवली, पिवळा डाग पडला. साबणाने धुतला तर लाल झाला!

घाबरू नका, हळदीचा गुण आहे तो. साबण अल्कलाइन असतो, हळदीतला करक्युमिन त्यात लाल होतो, साध्या पाण्याने धुतलं की परत पिवळा. पांढऱ्या गाडीच्या पीपीएफवर हा डाग पटकन बसतो, पण करक्युमिन उन्हात टिकत नाही. तर्रीचं तेल सौम्य कार शॅम्पूने काढा, मग गाडी उन्हात उभी करा, आणि नागपुरात उन्हाची कमी नाही.

कस्तुरचंद पार्कजवळ सकाळी गाड्या लागतात, सगळे उभ्या उभ्या खातात, दोन हात भरलेले, चहा कुठेतरी ठेवायचाच आहे, मी समजू शकतो. निदान संत्र्याची सालं तरी टपावर ठेवू नका. सालीत जे तेल असते ते वॅक्स काढून टाकते, तिथे गोल फिकट ठिपका दिसत राहतो.

मागे मॅग्नेट असलेलं कव्हर घेतलं, मग तरी फोन टिकेल ना?

मॅग्नेट लोखंडाला चिकटतो. तुमच्या गाडीचा टप अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा असेल तर अजिबात नाही. नवीन ९११ मध्ये अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच एम गाड्यांना कार्बनचा टप येतो, काचेचा टप असेल तर प्रश्नच मिटला. स्टीलचा असला तरी मॅग्नेटखाली धूळ अडकते आणि ओरखडे पडतात.

स्पॉयलरवर ठेवलं तर काय होते?

फिक्स स्पॉयलरवर ठेवलं तर टपासारखंच. पण आपोआप उघडणारा असेल तर वेगळी गंमत. ऑडी टीटीचा स्पॉयलर १२० ला वर येतो आणि ८० च्या खाली आल्यावर परत बसतो, पोर्शेतही असाच प्रकार आहे, शिवाय बटन दाबून उभ्या गाडीतही उघडता येतो. एक भाऊ मित्रांना स्पॉयलर उघडून दाखवत होते, वर पाकीट ठेवलेलं. स्पॉयलर उघडला, पाकीट मागच्या फटीत सरकलं, परत बंद केला तर पाकीट आत. अर्धा दिवस शोधलं बिचाऱ्यांनी, हॉटेलातल्या वेटरलाही विचारून झालं. संध्याकाळी परत दाखवायला उघडला तेव्हा समोर! ९११ मध्ये त्या भागात इंजिनची हवा घ्यायची जाळी असते, तिथे नाणी किंवा कागद गेले तर हात घालत बसू नका, वर्कशॉपला दाखवा.

कन्व्हर्टिबल आहे. टप उघडताना काय काळजी घ्यावी?

टप जिथे घडी होऊन बसतो त्या जागेत काही ठेवू नका, एवढंच. बीएमडब्ल्यू झेड४ चा कपड्याचा टप दहा सेकंदात उघडतो, ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीतही, म्हणजे मागे ठेवलेली टोपी किंवा पर्स बघायला वेळच मिळत नाही. पत्र्याचा घडी होणारा टप असला तर डिक्कीतला पडदा ओढल्याशिवाय तो उघडत नाही, पडदा ओढलाय असं भासवून कोणी गाडीला फसवू नये, काच फुटते.

ओपन गाडीत ओढणी, स्टोल बांधून बसलं तर चालते का?

बांधा, पण दोन्ही टोकं आत खोचून. इथे मी हसून बोलणार नाही. इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्सच्या नीस शहरात उघड्या अमिलकार गाडीत बसली, गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ बाहेर लोंबत होता, तो मागच्या चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. नागपुरात उन्हाळ्यात सगळ्या मुली तोंडाला स्टोल बांधतात, लांब टोक मागे सोडायची सवय असते. गाडीत बसताना टोक आत घ्यायला सांगणं हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे.

पेट्रोल पंपावर झाकण टपावर राहिलं.

झाकण बहुतेक वेळा पंपावरच किंवा बाहेर पडतानाच्या वळणावर मिळते. नाही मिळालं तर कंपनीचंच घ्या, कापड कोंबून फिरू नका. मस्टँगवाल्यांना ही चिंता नाही, तिला फिरवायचं झाकणच नाही, आतच झडप आहे. ९११ वाल्यांनी पंपावरच्या पोराला आधीच सांगावं की टाकी पुढे उजव्या बाजूला आहे, तो बिचारा मागे फिरून फिरून शोधते आणि तेवढ्यात तुमचं पाकीट टपावर जाते.

रामटेकला वानराने टपावरचं सामान नेलं. परत कसं घ्यायचं?

पाठलाग करू नका. वानराला वस्तू नको असते, खायचं पाहिजे असते, खाण्यासारखी नाही हे कळलं की तो बहुतेक वेळा टाकून देतो. तिथले दुकानदार अनुभवी आहेत, त्यांना हाक मारा. एका गृहस्थांचा गॉगल वानराने नेला आणि त्यांच्याच गाडीच्या टपावर परत येऊन बसला, वीस मिनिटं. गाडीचे मालक बाजूला उभे, आत बसायची हिंमत नाही, लोकं फोटो काढून राहिले. गॉगल शेवटी बोनेटवर मिळाला, नंतर आमच्याकडे टपावरच्या नखांच्या रेषा बफ करून काढल्या.

मे महिन्यात टपावर राहिलेला फोन बंद पडला. मेला का?

लगेच मेला म्हणू नका. आयफोन ० ते ३५ डिग्रीच्या हवेत वापरायचा असं कंपनीच सांगते आणि आपल्याकडे मे मध्ये ४५ नेहमीचं, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ झालं होतं. काळा टप हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, स्वतःहून थंड होऊ द्या. फ्रीजमध्ये किंवा एसीच्या तोंडावर ठेवू नका, आत पाणी धरते. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका.

फोन, कागदपत्रं मिळालीच नाहीत तर?

फोनसाठी आधी पोलिसात हरवल्याची तक्रार, मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, मग संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक टाकून फोन ब्लॉक. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो, आत्ता तुमच्याकडे फोन आहे तर *#०६# डायल करून लिहून ठेवा. आरसी गेली तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६ लागतो. तोपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन्स चालते.

इन्शुरन्सचं विचारता तर साधी गाडीची पॉलिसी गाडीचं नुकसान बघते, तुमच्या सामानाचं नाही. चावीसाठी आणि सामानासाठी वेगळे अ‍ॅड-ऑन मिळतात, सामानाचा तर बहुतेक वेळा गाडीच्या आत असलेल्या वस्तूंपुरता असतो. घेताना विचारून घ्या.

आजपर्यंत टपावर विसरलेली सगळ्यात महाग वस्तू कोणती?

माझ्या माहितीत तरी स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. १७३२ साली बनवलेलं, ड्यूक ऑफ अल्कँटारा म्हणतात त्याला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं ते व्हायोलिन १९६७ मध्ये एका वादकाकडून हरवलं आणि गाडीच्या टपावर ठेवून निघालो की गाडीतून चोरीला गेलं, हे त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही. २७ वर्षांनी, १९९४ मध्ये, कोणीतरी दुरुस्तीला आणलं तेव्हा ते ओळखलं गेलं. त्या वादकाची २७ वर्षं कशी गेली असतील, याचा मी बरेचदा विचार करतो.

सवय कशी मोडायची?

टपावर ठेवायचं नाही असं ठरवून होत नाही, हाताला दुसरी जागा द्यावी लागते. दरवाजा उघडला की पहिले सामान ड्रायव्हरच्या सीटवर टाका. सामान उचलल्याशिवाय बसताच येत नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. दोन्ही हात फारच भरलेले असतील तर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, काचेच्या खाली वायपरजवळ ठेवा, बसल्याबरोबर दिसते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांनी सीटवालं सुरू केलं आणि त्यांचे फोन वाचले. बायको, नवरा, मुलं बाजूला बसत असतील तर "टप बघितला का?" एवढं विचारायची जबाबदारी त्यांना द्या, मुलं तर विसरू देतच नाहीत.

दुसऱ्याच्या टपावर काही दिसलं तर काय करू?

सिग्नलला दिसलं तर उतरू नका, काच खाली करून स्वतःच्या टपाकडे बोट दाखवा, "टपावर, टपावर" म्हणा. चालत्या गाडीला समांतर जाऊन हॉर्न मारत राहू नका, समोरच्याला वाटते रेस लावून राहिला आणि तो अ‍ॅक्सिलरेटर दाबते, मग वस्तू गेलीच. मागेच राहा, डिपर द्या, पुढच्या सिग्नलला सांगा. रस्त्यावर पडलेली वस्तू सापडली आणि मालक कळत नसेल तर जवळच्या पोलीस स्टेशनला जमा करा, आणि फोन असेल तर चार्ज करून सुरू ठेवा, "आई" किंवा "घर" नावाने कॉल येतोच.